कारागिराचा शिक्षक होताना : प्रौढांच्या व्यवसायशिक्षणातील निदेशकाची घडण

व्यवसायशिक्षणाची चर्चा महाराष्ट्रात बहुधा इमारती, यंत्रसामग्री, अभ्यासक्रम आणि नोकरीची शक्यता यांच्याभोवती फिरते; ज्याच्या हाताखाली हे सारे घडायचे तो निदेशक कसा तयार होतो, हा प्रश्न मात्र आस्थापना शाखेच्या फायलींत, म्हणजे रिक्त पदे आणि बिंदुनामावली यांच्या रकान्यांत, अडकून राहतो. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत, म्हणजे आयटीआयमध्ये, शिकवणाऱ्याला शासकीय परिभाषेत ‘शिल्प निदेशक’ म्हणतात, आणि त्याच्याकडून एकाच वेळी दोन गोष्टींची अपेक्षा असते : त्याला व्यवसाय येत असला पाहिजे आणि तो दुसऱ्याला शिकवताही आला पाहिजे. पहिली गोष्ट असली की दुसरी आपोआप येते, हा समज कारखान्यांत, संस्थांत आणि काही प्रमाणात शासनातही इतका रुजलेला आहे, की निदेशकाचे प्रशिक्षण ही पदोन्नतीसाठी पुरी करायची अट मानली जाते. प्रस्तुत व्याख्यानाचे प्रतिपादन याच्या उलट आहे. व्यवसायातील नैपुण्य अध्यापनाला आवश्यक असले, तरी अनेकदा तेच अध्यापनाच्या आड येते, आणि समोर प्रौढ विद्यार्थी असेल तर ही अडचण दुप्पट होते.

येथे ‘प्रौढ’ ही संज्ञा कायद्यातील वयाच्या अर्थाने वापरलेली नाही. ज्याच्यावर स्वतःच्या किंवा घराच्या चरितार्थाची जबाबदारी आहे आणि जो शिकण्यासाठी कमाईचे तास बाजूला काढतो, असा माणूस तिच्यात अभिप्रेत आहे. आयटीआयच्या प्रवेशासाठी वयाची खालची मर्यादा १४ वर्षांची असून वरची मर्यादा सर्वसाधारणपणे नाही. त्यामुळे दहावी झालेला मुलगा आणि दहा वर्षे एखाद्या गॅरेजमध्ये राबलेला गृहस्थ एकाच तुकडीत येऊ शकतात. अल्पमुदतीच्या अभ्यासक्रमांत, संध्याकाळच्या वर्गांत आणि जनशिक्षण संस्थांच्या केंद्रांवर तर प्रौढांचीच बहुसंख्या असते.

नैपुण्य अध्यापनाच्या आड कसे येते, हे जोडारी व्यवसायातील, म्हणजे फिटरच्या कामातील, अगदी प्रारंभीच्या एका कृतीवरून स्पष्ट होते. लोखंडाच्या तुकड्याचा एक पृष्ठभाग कानशीने सपाट करायचा असतो आणि नवख्याच्या हातून तो जवळजवळ नेहमी मध्ये फुगीर आणि कडांना उतरता होतो. याचे कारण तरफेच्या साध्या हिशोबात आहे. कानस पुढे सरकत जाते तसे तुकड्याच्या एका बाजूचे तिचे अंतर वाढते आणि दुसऱ्या बाजूचे घटते. म्हणून फटक्याच्या आरंभी टोकाकडच्या हातावर जास्त भार द्यावा लागतो, मध्यावर दोन्ही हातांवर सारखा, आणि शेवटी मुठीकडच्या हातावर जास्त. दोन्ही हातांचा दाब सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकसारखा ठेवला तर कानस डुलते आणि कडा आधी खाल्ल्या जातात. वीस वर्षे काम केलेल्या फिटरचे हात हा बदल प्रत्येक फटक्यात बिनचूक करतात, परंतु त्याला विचारले तर ‘कानस सरळ चालव, डुलू देऊ नकोस’ एवढेच तो सांगतो. ही सूचना खोटी नाही. तिच्यात दोषाचे वर्णन आहे, मात्र दोषाचे कारण नाही आणि तो घालवण्याची युक्तीही नाही. शिकणारा ती दहा वेळा ऐकतो, दहा वेळा चुकतो, आणि शेवटी त्याच्या हातातच कला नाही असा निष्कर्ष दोघेही काढतात.

मायकेल पोलान्यी यांनी १९६६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द टॅसिट डायमेन्शन’ या पुस्तकात अशा ज्ञानाची मीमांसा केली आहे. माणसाला जे करता येते त्याचा मोठा भाग त्याला शब्दांत मांडता येत नाही, अशा ज्ञानाला ‘अव्यक्त ज्ञान’ म्हणता येईल. ह्यूबर्ट आणि स्टुअर्ट ड्रायफस या बंधूंनी १९८० साली कौशल्यप्राप्तीच्या पाच पायऱ्या मांडल्या, त्यांचे सार असे, की नवखा माणूस नियमांच्या आधाराने चालतो, तर निष्णात माणूस परिस्थिती पाहताच कृती करतो आणि नियम त्याच्या मनात उरलेलेच नसतात. या दोन मांडण्या एकत्र वाचल्या तर निदेशकाच्या प्रशिक्षणाचे पहिले काम ठरते. निष्णात कारागिराला त्याचे स्वतःचे कौशल्य पुन्हा सुटे करून पाहायला शिकवणे, हे ते काम होय. आणि ते सुखाचे नसते, कारण ज्याला आपल्या हाताचा अभिमान आहे त्याला आपला हात नेमके काय करतो हे सांगता येत नाही, ही जाणीव बोचणारी असते.

या सुट्या करण्याच्या पद्धतीला शंभराहून अधिक वर्षांचा इतिहास आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेतील जहाजबांधणीच्या कारखान्यांना अल्पावधीत प्रचंड संख्येने कामगार हवे होते आणि त्यांना शिकवायला गोदीतील जुने कुशल कामगारच घ्यावे लागले. त्यांना शिक्षक म्हणून घडवण्याचे काम करणाऱ्या चार्ल्स ॲलन यांनी १९१९ साली ‘द इन्स्ट्रक्टर, द मॅन अँड द जॉब’ हे पुस्तक लिहिले आणि जर्मन शिक्षणतज्ज्ञ हर्बार्ट यांच्या पाठाच्या पायऱ्यांवरून कामगारांसाठी चार पायऱ्या ठरवल्या : शिकणाऱ्याची तयारी, कृतीचे सादरीकरण, शिकणाऱ्याकडून ती करवून घेणे आणि शेवटी पारख. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेनेच १९४० ते १९४५ या काळात ‘ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री’ नावाची मोहीम चालवून याच पायऱ्या पर्यवेक्षकांना शिकवल्या. दोन-दोन तासांच्या पाच बैठकांचा हा अभ्यासक्रम होता आणि त्यात विजेच्या दिव्याच्या दुहेरी वायरीला मारायच्या एका गाठीचा पाठ ठरलेला असे. शिक्षक प्रथम ती गाठ कशी मारायची हे केवळ सांगे आणि कोणालाच ती येत नसे. मग तो न बोलता केवळ करून दाखवी, तरीही येत नसे. त्यानंतर कृतीचे टप्पे पाडून, प्रत्येक टप्प्यातील कळीचा मुद्दा सांगत आणि शिकणाऱ्याकडून तो वदवून घेत शिकवले की गाठ बसे. कृतीचे टप्पे आणि प्रत्येक टप्प्यातील कळीचे मुद्दे यांची अशी मांडणी म्हणजे ‘जॉब ब्रेकडाउन’, कामाची फोड. वर कानशीच्या बाबतीत सांगितलेला दाबाचा बदल हा अशाच फोडीतून हाती येणारा कळीचा मुद्दा आहे.

भारतात ही विचारसरणी स्वातंत्र्यानंतर लगेच आली. मुंबईची व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट १८८७ साली आणि सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाने त्रिभुवनदास गज्जर यांनी चालवलेले बडोद्याचे कलाभवन १८९० साली सुरू झाले, तेव्हा शिक्षक नेमताना विषयाची जाण पाहिली जात होती. शिकवणे हे वेगळे शिकण्याचे काम आहे, या कल्पनेला तेथे संस्थात्मक रूप नव्हते. ते १९४८ साली आले. बिलासपूरजवळच्या कोनी येथे निदेशकांसाठी केंद्रीय प्रशिक्षण संस्था निघाली. केंद्र शासनाची शिल्प कारागीर प्रशिक्षण योजना, जिच्याखाली देशातील आयटीआय चालतात, ती १९५० ची. म्हणजे शिकवणाऱ्यांची व्यवस्था शिकणाऱ्यांच्या व्यवस्थेच्या दोन वर्षे आधी झाली. हा क्रम त्या पिढीच्या प्रशासकांच्या शहाणपणाची साक्ष आहे, आणि तो पुढे फारसा पाळला गेला नाही, हेही तितकेच खरे. आज कौशल्यविकासाच्या नव्या योजना आधी जाहीर होतात, केंद्रे उघडतात, आणि शिकवणारे कोठून आणायचे याचा विचार त्यानंतर सुरू होतो.

आज शिल्प निदेशकांसाठीचा केंद्रीय अभ्यासक्रम एक वर्षाचा आहे. तो मुंबईत चुनाभट्टीच्या राष्ट्रीय कौशल्य प्रशिक्षण संस्थेसह देशातील अनेक संस्थांत चालतो आणि त्यात निम्म्याहून अधिक वेळ व्यवसायाच्या प्रात्यक्षिकाला आणि सिद्धांताला, तर उरलेला अध्यापनपद्धतीला दिला जातो. अध्यापनपद्धतीत पाठाचे टाचण, प्रात्यक्षिकाचे टाचण, वर नोंदवलेल्या चार पायऱ्या, मूल्यमापनाची तंत्रे आणि लेखी साधने यांचा समावेश असतो. लेखी साधनांत माहितीपत्रक म्हणजे सिद्धांताची टिपणे, कृतिपत्रक म्हणजे एकेका क्रियेच्या सूचना आणि जॉबपत्रक म्हणजे पूर्ण जॉब करण्याचा क्रम, असे प्रकार येतात. कागदावर ही आखणी चांगली आहे. तिच्यातील दोन दोष मात्र मुळाशी जाणारे आहेत.

पहिला दोष असा, की या अभ्यासक्रमाला आयटीआय होऊन कारखान्यात अनुभव घेतलेला उमेदवार येतो आणि अभियांत्रिकीची पदविका किंवा पदवी घेतलेलाही येतो. पहिल्याचा हात तयार असतो पण आरेखन वाचणे, गणित आणि कारणमीमांसा कच्ची असते. दुसऱ्याला कारणे ठाऊक असतात, परंतु लेथवर आटे पाडताना त्याचा हात थरथरतो. दोघांना एकाच वेळापत्रकात बसवले की पहिल्याचा वेळ त्याला येत असलेल्या जॉबवर जातो आणि दुसऱ्याला हात बसवायला तो वेळ पुरत नाही. प्रवेशाच्या वेळीच पारख करून दोघांचे तास वेगळे आखणे ही प्रशासकीयदृष्ट्या कटकटीची, पण शैक्षणिकदृष्ट्या अटळ गोष्ट आहे.

दुसरा दोष सराव पाठांचा आहे. सराव पाठ, आणि विशेषतः ‘सूक्ष्म अध्यापन’ म्हणजे एकाच अध्यापनकौशल्यावर लक्ष ठेवून घेतलेला काही मिनिटांचा छोटा पाठ, हे बहुधा सहप्रशिक्षणार्थींसमोर होतात. समोर बसलेले सारेच त्या व्यवसायातले जाणकार असतात आणि विद्यार्थ्याचे सोंग घेऊन बसतात. ते माना डोलावतात, विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे देतात, कृती बरोबर करून दाखवतात, आणि पाठ यशस्वी झाल्याची नोंद होते. जाणकाराला चुकण्याचे सोंग करता येते, परंतु नवखा नेमका कोठे आणि का चुकतो, हे त्या सोंगात येऊ शकत नाही. त्यामुळे निदेशकाला ज्या गोष्टीचा सर्वांत जास्त सराव हवा, तीच, म्हणजे चूक घडत असताना ती ओळखण्याची गोष्ट, वर्षभरात त्याच्या वाट्याला फार थोडी येते. वेल्डिंग शिकवणारा निदेशक चाप, म्हणजे आर्क, किती लांब धरला आहे हे डोळ्यांइतकेच कानांनी ओळखतो. चापाची लांबी योग्य असली की एकसारखी चरचर येते, ती वाढली की आवाज तुटक होतो आणि शिंतोडे उडतात. हा कान स्वतः वेल्डिंग करून येतो हे खरे, परंतु चार बूथमधून चार नवखे एकाच वेळी काम करत असताना कोणाकडे आधी धावायचे, हे त्याला खऱ्या नवख्यांच्या सहवासातच कळते.

प्रौढ विद्यार्थी आला की प्रश्न आणखी गुंतागुंतीचा होतो. प्रौढांच्या अध्यापनाचा स्वतंत्र शास्त्र म्हणून सर्वांत जास्त बोलबाला अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ माल्कम नोल्स यांनी केला. प्रौढ स्वतःचे निर्णय घेऊ इच्छितो, त्याच्या गाठीला अनुभव असतो, त्याला तात्काळ उपयोगाचे शिकायचे असते आणि त्याची प्रेरणा आतून येते, अशी त्यांची मांडणी होती. १९७० च्या पुस्तकात त्यांनी ही पद्धत मुलांच्या शिक्षणपद्धतीच्या विरोधात उभी केली आणि १९८० च्या आवृत्तीत मात्र उपशीर्षक बदलून एकीकडून दुसरीकडे जाण्याचा प्रवास सुचवला. ही माघार प्रांजळ होती; कारण पूर्णपणे नव्या व्यवसायात पाऊल टाकणारा चाळिशीचा माणूस पहिल्या महिन्यात एखाद्या मुलाइतकाच परावलंबी असतो, आणि त्याला ‘तुम्हीच ठरवा काय शिकायचे’ असे सांगणे ही जबाबदारी झटकण्याची सभ्य रीत ठरते. नोल्स यांची सूत्रे पाठ करून घेणाऱ्या प्रशिक्षणवर्गांनी ही बाजूही शिकवायला हवी.

प्रौढाचा अनुभव ही भांडवलाइतकीच अडथळ्याचीही गोष्ट असते. घरच्या पायमशीनवर पंधरा वर्षे शिवण केलेली स्त्री मिनिटाला चार-पाच हजार टाके घालू शकणाऱ्या कारखान्याच्या यंत्रावर बसते, तेव्हा तिला कापडाची जाण असते, पण पायाची सवय नडते. पायमशीनवर पाय सतत हलता ठेवायचा असतो, तर येथे टाचेच्या आणि चवड्याच्या दाबाने वेग धरायचा आणि सोडायचा असतो. तिला नवशिकी समजून कापड, धागा, सुई येथून सुरुवात केली तर ती दोन दिवसांत वर्ग सोडते. आणि तिला सर्व येते असे धरले तर ती सुई मोडते, बोट जखमी करते. निदेशकाला येथे काय वगळायचे आणि काय मोडून पुन्हा बसवायचे, याची निवड करावी लागते, आणि ही निवड पहिल्या दिवशी तिला यंत्रावर बसवून पाहिल्याशिवाय होत नाही.

मापांचे उदाहरण याहून बोलके आहे. सुतार, गवंडी आणि फॅब्रिकेशनच्या शेडमधला मिस्त्री आजही ‘सूत’ या मापात विचार करतो. इंचाचा आठवा भाग म्हणजे एक सूत, म्हणजेच साधारण ३.१७५ मिलिमीटर. वजन-मापांचा दशमान कायदा १९५६ साली झाला, पण हाताखाली शिकलेल्या कारागिराच्या डोक्यातली सुते त्याने पुसली नाहीत. असा माणूस आरेखनावर ४० मिलिमीटर वाचतो, मनात त्याचे इंच-सूत करतो, आणि व्हर्नियरवर पुन्हा मिलिमीटरकडे वळताना चुकतो. त्याची सुते हसण्यावारी नेणारा निदेशक त्या माणसाचा विश्वास गमावतो; सुतावरूनच मिलिमीटरवर नेणारा, आणि अर्ध्या सुताहून लहान फरक का महत्त्वाचा असतो हे त्याच्याच हातच्या दोन जुळणाऱ्या भागांवर दाखवणारा निदेशक आठवडाभरात त्याला व्हर्नियर हाताळायला लावतो.

याहून नाजूक बाब मानाची आहे. पंचविशीतला निदेशक पंचेचाळिशीच्या प्रशिक्षणार्थीला ‘काका’ म्हणतो, बाईंना ‘मावशी’ किंवा ‘ताई’ म्हणतो, आणि हे योग्यच आहे. पण एकदा काका म्हटल्यावर सर्वांदेखत ‘हे चुकले’ म्हणणे त्याला जड जाते. मग तो एक तर चूक पाठीशी घालतो, किंवा अधिकार दाखवण्यासाठी आवाज चढवतो. या दोन्हींतून सोडवणारी रीत सांगता येण्याजोगी आहे आणि म्हणून शिकवताही येण्याजोगी आहे. चूक माणसाची न म्हणता जॉबची म्हणावी, ती मापाच्या साधनाने दाखवावी, आणि साधन प्रशिक्षणार्थीच्याच हाती द्यावे. गुण्याने, म्हणजे काटकोन तपासण्याच्या साधनाने, जॉबच्या दोन बाजू तपासणारा माणूस फट स्वतः पाहतो. त्याला कोणी सांगावे लागत नाही. निदेशकाच्या प्रशिक्षणात असे प्रसंग प्रत्यक्ष प्रौढांबरोबर घडले पाहिजेत आणि त्यांवर नंतर बसून चर्चा झाली पाहिजे.

अभ्यासक्रमाच्या क्रमाविषयीही प्रौढांचे शिक्षण काही शिकवते. मानवशास्त्रज्ञ जीन लेव्ह यांनी १९७० च्या दशकात लायबेरियातील वाई आणि गोला समाजातील शिंप्यांच्या शागिर्दीचा अभ्यास केला, आणि एटिएन वेंगर यांच्यासह १९९१ साली लिहिलेल्या ‘सिच्युएटेड लर्निंग’मध्ये त्याचा उपयोग केला. तेथे शागीर्द कपडा बेतण्यापासून सुरुवात करत नाही; बटणे, काजे, शेवटची इस्त्री यांपासून सुरू करून तो शिवणाकडे आणि सर्वांत शेवटी बेतण्याकडे जातो. यामागचा हिशोब व्यवहारी आहे, कारण बटण चुकले तर धागा वाया जातो, बेतणे चुकले तर कापड वाया जाते. शिवाय पूर्ण झालेला कपडा त्याच्या डोळ्यांपुढे पहिल्या दिवसापासून असतो. आयटीआयच्या पारंपरिक क्रमात आधी कानस, मग करवत, मग छिद्रे, आणि खूप पुढे जुळणी येते. सोळा वर्षांच्या मुलाला तो क्रम सोसतो. रोजगार बुडवून आलेल्या माणसाला मात्र कामाचा शेवट आधी दिसला पाहिजे, आणि तो कसा दाखवायचा हे ठरवण्याची मुभा व प्रशिक्षण निदेशकाला मिळाले पाहिजे. पाबळच्या विज्ञान आश्रमात, जो डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली सुरू केला, प्रशिक्षणार्थींनी गावाला उपयोगी पडणारी खरी कामे करत शिकावे हा आग्रह याच जातीचा आहे.

या सगळ्याची सर्वांत जास्त गरज जेथे आहे तेथे ते सर्वांत कमी पोहोचते. १९६७ साली मुंबईत वरळीला देशातील पहिले श्रमिक विद्यापीठ सुरू झाले, ते औद्योगिक कामगार आणि त्यांच्या कुटुंबीयांना साक्षरता, व्यवसाय आणि जगण्याची कौशल्ये एकत्र देण्यासाठी. याच प्रकारच्या संस्थांना २००० पासून ‘जनशिक्षण संस्था’ हे नाव मिळाले आणि २०१८ साली त्या मनुष्यबळ विकास मंत्रालयाकडून कौशल्यविकास मंत्रालयाकडे गेल्या. तेथे निरक्षर, नवसाक्षर आणि शाळा सोडलेले लोक येतात. म्हणजे अध्यापनाच्या दृष्टीने सर्वांत कठीण वर्ग. आणि तेथे शिकवणारे प्रामुख्याने मानधनावर, अभ्यासक्रमापुरते नेमलेले असतात. ज्याला पूर्ण वर्षाचे अध्यापनप्रशिक्षण मिळते तो तुलनेने एकजिनसी तुकडीला शिकवतो, आणि ज्याला काही दिवसांच्या वर्गावर भागवावे लागते तो वाचता न येणाऱ्या प्रौढांना वीजजोडणी किंवा शिवण शिकवतो, ही व्यवस्था उलटी आहे.

परदेशांतील अनुभव या बाबतीत सरळ रेषेत जात नाही. जर्मनीत कारखान्यात शिकाऊ उमेदवार घडवणाऱ्यासाठी १९७२ पासून स्वतंत्र पात्रता-परीक्षा होती, लेखी परीक्षेबरोबर प्रत्यक्ष शिकवून दाखवण्याचीही. उद्योगांवरचा भार हलका करावा म्हणून २००३ साली ती स्थगित झाली आणि २००९ साली पुन्हा लागू करावी लागली. इंग्लंडने प्रौढ व तंत्रशिक्षणाच्या महाविद्यालयांतील शिक्षकांसाठी २००१ पासून आणि २००७ च्या नियमांनी अधिक कडकपणे अध्यापनाची अर्हता सक्तीची केली, आणि २०१३ साली ती सक्ती काढून टाकली. दोन्ही ठिकाणी अर्हता ही अनावश्यक अट वाटण्याचा काळ आला. जर्मनीने ती परत आणली याचे कारण तेथे शिकवणारा हा कारखान्याच्या गुणवत्तेचा भाग मानला जातो.

महाराष्ट्रापुरते बोलायचे तर नवी इमारत किंवा नवे यंत्र न घेताही तीन गोष्टी करता येतील. निदेशकांच्या वर्षभराच्या अभ्यासक्रमातील सराव पाठांचा किमान निम्मा भाग जनशिक्षण संस्था आणि संध्याकाळच्या वर्गांतील खऱ्या प्रौढांसमोर घ्यावा; त्या संस्थांत आणि वर्गांत शिकवणाऱ्या मानधनी निदेशकांना कामाचा भाग म्हणून, मानधनासह, अध्यापनपद्धतीचे किमान एक महिन्याचे प्रशिक्षण द्यावे; आणि प्रत्येक व्यवसायातील कामाच्या फोडीची पत्रके, कळीच्या मुद्द्यांसह, अनुभवी निदेशकांकडून मराठीत लिहून घेऊन सर्व संस्थांना उपलब्ध करावीत. यातील तिसरे काम सर्वांत स्वस्त आणि सर्वांत तातडीचे आहे, कारण ज्यांच्या हातात हे ज्ञान आहे त्या पिढीचे निदेशक आता निवृत्त होत आहेत. व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालयाने हे काम येत्या शैक्षणिक वर्षातच हाती घ्यावे, आणि निवृत्त निदेशकांनी त्याची वाट न पाहता आपापल्या व्यवसायाची फोड लिहायला बसावे.